कितला हात लागनात?

सावद्यातल्या कुठल्याही लग्नात चाचांच्या शेजारच्या पानावर बसायला माणसं जरा टाळाटाळच करायची. चाचा काही खवचट नव्हते आणि जेवणाला नावंही ठेवायचे नाहीत. पण वरण-बट्टी वाढून झाली, तुपाची धार पडली, सगळ्यांनी पहिला घास उचलला की हे बट्टीचा तुकडा बोटांत धरून वाढप्याला थांबवायचे. "चांगली शे भाऊ. कितला हात लागनात हिले?" वाढपी गांगरायचा. मग चाचाच मोजायला लागायचे. दळणारा एक, मळणारी एक, उकडणारी एक, कापणारी एक, तळणारा एक आणि वाढणारा तू. "सहा हात! तरी मीठ बरोबर शे. अल्लाची मेहरबानी." एवढं बोलून ते स्वतः मन लावून जेवायचे. बाकीची पंगत मात्र आपापल्या बट्टीकडे संशयाने बघत राहायची.

चाचा मूळचे धुळ्याचे. सावद्याची बोली निराळी, त्यामुळे तिथल्या बायकांना ‘किती’ऐवजीचा त्यांचा हा ‘कितला’ भारी गमतीचा वाटायचा. आठवडाभरात त्यांचं नाव ‘कितला चाचा’ पडलं. हजेरीच्या वहीत त्यांचं खरं नाव होतं, पण ते फक्त वहीलाच माहीत होतं.

आमची गाठ पडली ती एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये. सावद्याच्या बाहेर, रस्त्याला लागून पत्र्याची मोठी शेड होती. आसपासच्या शेतांतली केळी तिथे यायची, धुऊन-छाटून खोक्यांत भरली जायची आणि थंड कंटेनरमधून आखातात जायची. चाचा तिथे तपासणीच्या टेबलावर आणि मी मॅनेजर. मी जळगावची, नुकतीच एमबीए झालेली, वय सव्वीस, आवाज मोठा आणि धीर लहान. आज मी नरडाण्याच्या एका कारखान्यात बऱ्या हुद्द्यावर आहे आणि लोक मला शांत डोक्याची बाई म्हणतात. हे ऐकून सावद्याची माणसं पोट धरून हसतील.

चाचांनी उमेदीची सगळी वर्षं धुळ्यात यंत्रमागावर काढली होती. मागावर म्हणजे मागाच्या शेवटी, जिथे विणलेलं कापड घडी घालण्याआधी तपासतात तिथे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कापड धरायचं आणि सरकवत न्यायचं. तुटलेला धागा, पडलेली गाठ, तेलाचा डाग, सगळं डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचं म्हणे. माग बंद पडत गेले तसे ते सावद्याला दिलेल्या लेकीकडे आले. घरी रिकामं बसणं त्यांना जमेना, म्हणून एक दिवस ते आमच्या शेडमध्ये येऊन उभे राहिले. पांढरा स्वच्छ लेंगा-सदरा, खिशात घडी मोडली नाही असा रुमाल, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं नेलकटर. "काम येतं का?" मी विचारलं. "केळी नाही येत," ते म्हणाले, "चूक शोधता येते." ऑफिसात ते मराठी बोलायचे, पण पायात नवे जोडे घातल्यासारखी. बाहेर पडले की लगेच अहिराणी.

त्या नेलकटरची शेडमध्ये दहशत होती. दर सोमवारी चाचा दारातच उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाची नखं बघायचे. केळ्याच्या सालीला नख लागलं तर त्या क्षणाला काही दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी तिथे काळी रेघ उठते, तोवर केळं जहाजात बसलेलं असतं. मुकादम पंडितभाऊ, म्हणजे कापणीच्या टोळीचा म्होरक्या, अंगाने दांडगा आणि मिशीला पीळ देणारा माणूस. तोही सोमवारी शाळेतल्या पोरासारखा दोन्ही हात पुढे करून उभा राहायचा. एकदा मालक मधुभाऊ आले, तर चाचांनी त्यांचेही हात बघितले. "भाऊ, करंगळी," एवढंच म्हणाले. मधुभाऊंनी निमूटपणे करंगळी पुढे केली.

आता शेडमधलं काम कसं चालायचं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. शेतात एक जण घड कापायचा. दुसरा तो खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचा. तिसरा ट्रॉलीत रचायचा. शेडमध्ये चौथा तो उतरवून टांगायचा, पाचवा घडाच्या फण्या सोडवायचा. मग हौद. तिथे बारा बायका तुरटीच्या पाण्यात फण्या धुऊन चीक काढायच्या. सातव्या हाताला पुसणं, आठव्याला छाटणी, मग चाचांचं टेबल, मग वजनकाटा आणि शेवटी भरणी. एका बॉक्समध्ये साधारण सहा फण्या बसायच्या. म्हणजे एक फणी झाडावरून बॉक्सपर्यंत येईतो चाचांचं टेबल सोडून दहा हात फिरायची.

आणि या दहाही ठिकाणी जाऊन विचारलं तर एकच उत्तर मिळायचं. पंडितभाऊ म्हणायचा, "शंभरात दोन फण्या दुखावतात मॅडम, यापेक्षा कमी कोणाच्या बापाले जमत नाही." ट्रॉलीवाला म्हणायचा, शंभरात दोन. हौदावर सिंधूअक्का म्हणायच्या, शंभरात दोन. कोणी खोटं बोलत नव्हतं. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव धड असणं ही अभिमानाचीच गोष्ट आहे. शाळेत अठ्ठ्याण्णव टक्के मिळाले असते तर आमच्या जळगावला चौकात फलक लागला असता.

तर अशा अठ्ठ्याण्णव टक्केवाल्यांच्या शेडमध्ये एका सकाळी माझ्या मोबाईलवर फोटो येऊन पडले. आखातातल्या खरेदीदाराने पाठवलेले. त्याने आमच्या कंटेनरमधले दहा बॉक्स उघडले होते आणि त्यांतल्या सातांमध्ये केळी काळ्या रेघांची, डागाळलेली, अर्धी पिवळी झालेली होती. खाली दोनच ओळी होत्या. पुढचा कंटेनर असाच आला तर तुमचा-आमचा संबंध संपला.

मधुभाऊंनी फोटो बघितले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ताई, कोणाच्या हातून होऊन राह्यलं हे, ते शोधा," ते म्हणाले, "अन् त्याले घरी पाठवा." मला हेच हवं होतं. कोणाला तरी काढलं की आपण काहीतरी केलं असं वाटतं. मी दिवसभर शेडमध्ये गस्त घातली आणि संध्याकाळपर्यंत गुन्हेगार सापडला, असं मला अगदी खात्रीने वाटलं. हौदावरच्या बायकांच्या हातात बांगड्या होत्या. हिरव्या काचेच्या, डझनभर, पाण्यात किणकिण वाजणाऱ्या. फोटोतल्या रेघा बारीक होत्या. नखं तर चाचांनी काढलेली. मग दुसरं काय असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौदापाशी जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्यापासून बांगड्या काढून कामाला यायचं. नसेल जमत तर येऊ नका."

किणकिण थांबली. सिंधूअक्कांनी हात पाण्यातून बाहेर काढले आणि लुगड्याला पुसले. पन्नाशीची, काटकुळी, हौदावरच्या बायकांची पुढारीण. त्यांचा नवरा तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळून होता आणि घर त्यांच्या या कामावर चालायचं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी बोलले होते. "ताई," त्या म्हणाल्या, "तुरटीच्या पाण्यानं बोटाची कातडी गेली, तरी मी काही बोलली नाही. पण माहा नवरा जिवंत हाये तवरीक मी बांगडी नाही काढायची. तुमाले बांगडी काढायची तं मलेच काढा."

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग तुम्हीच नका येऊ."

बाकीच्या अकरा जणींनीही हात पाण्यातून काढले. मला आतून कळलं होतं की आपण घोडचूक केली आहे, पण सव्वीसाव्या वर्षी शब्द मागे घेणं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं. तेवढ्यात चाचा टेबलावरून उठून आले. मला बाजूला घेऊन ते अगदी हळू बोलले, इतर कोणाला ऐकू जाणार नाही असं. "बेटा, मी धुळ्याले एक माणूस काढताना देखेल शे. कापडम्हा डाग येत व्हता. मालकनी एक विणकर पकडा आणि काढी टाका. तो गया, डाग नही गया."

"मग मी काय करू?" मी चिडूनच विचारलं.

"तीन दिन द्या. मंग ज्याले काढनं शे त्याले काढा."

तीन दिवस दिले. उपकार केल्यासारखा चेहरा करून दिले, हे आजही आठवलं की माझीच मला लाज वाटते. सिंधूअक्का बांगड्यांसकट पुन्हा हौदावर उभ्या राहिल्या, पण त्या तीन दिवसांत त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही.

चाचांनी शेडच्या मागच्या बाजूला, सावलीत, खडूने दहा मोठे चौकोन आखले. दहा हातांचे दहा चौकोन. पहिल्या चौकोनात नुसत्या कापलेल्या घडांच्या शंभर फण्या, शेतातच अलगद सोडवून गादीवर घालून आणलेल्या. दुसऱ्यात खांद्यावरून बांधापर्यंत आलेल्या शंभर. तिसऱ्यात ट्रॉलीतून आलेल्या शंभर. असं करत दहाव्यात बॉक्समधून काढलेल्या शंभर. प्रत्येक चौकोनात पोत्यांवर एकेक फणी उताणी ठेवली. हजार फण्या मांडायला अख्खा दिवस गेला. मधुभाऊ बघायला आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "चाचा, हजार फण्या जमिनीवर मांडल्या. सत्यनारायण घालायचा हाये का?" चाचा म्हणाले, "भाऊ, तीन दिनले परसाद भेटी."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोजायला बसलो. मी वही घेऊन, चाचा उकिडवे, आणि मागे सगळी शेड जमलेली. मला मनातून खात्री होती की सहाव्या चौकोनात, हौदाच्या, आकडा एकदम उडी मारणार.

पहिल्या चौकोनात काळ्या पडलेल्या फण्या दोन. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात पाच. चौथ्यात आठ. पाचव्यात नऊ. आता हौद. चाचांनी एकेक फणी वळवून बघितली आणि म्हणाले, "अकरा." मी स्वतः पुन्हा मोजल्या. अकराच. नऊवरून अकरा, म्हणजे अक्कांच्या हौदाचे, बांगड्यांसकट, शंभरात दोन. अगदी त्या सांगत होत्या तेवढेच. पुढे तेरा, चौदा, काट्यापाशी सतरा आणि भरणीनंतर अठरा. कुठे दोन, कुठे एक, कुठे तीन. उडी कुठेच नाही. नुसता जिना होता.

चाचांनी गुडघ्यावर हात टेकून वर बघितलं. "शंभरम्हा दोन बठ्ठासना शेत. मंग काढशात कोणले?"

सगळ्यांचेच शंभरात दोन, मग काढणार कोणाला? पंडितभाऊने मिशीवरचा हात खाली घेतला. मला मात्र एक गोष्ट अजून छळत होती. शंभरातल्या अठरा फण्या खराब, हे वाईट खरं, पण खरेदीदार तर दहातले सात बॉक्स खराब म्हणतोय. तो खोटं बोलतोय का? मी मोबाईलवर हिशेब मांडला. शंभरातल्या ब्याऐंशी फण्या धड. बॉक्समध्ये फण्या सहा. एक फणी दुखावली तर ती लवकर पिकते, आणि पिकणारी फणी बंद खोक्यात शेजारणींनाही पिकवते. म्हणजे बॉक्स चांगला राहायचा तर सहाच्या सहा फण्या धड हव्यात. सहा फण्यांचे सहा वेळा ब्याऐंशी टक्के एकमेकांशी गुणले. उत्तर आलं तीस. माझं काही चुकलं असेल म्हणून पुन्हा गुणलं. पुन्हा तीस. शंभरातले तीस बॉक्स चांगले, सत्तर वाईट. दहातले सात. आमच्या शेडमध्ये कोणी खोटं बोलत नव्हतं आणि तिकडे तोही खोटं बोलत नव्हता. दहा ठिकाणची माणसं अभिमानाने शंभरातल्या दोनच फण्या दुखवत होती आणि त्यातून तो कंटेनर तयार झाला होता.

मी एमबीएला हे गणित शिकले होते. परीक्षेत सोडवलंही होतं, पैकीच्या पैकी मिळवून. पण पुस्तकात मशीनं होती, त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावं होती. ‘अ’ला काढून टाकताना त्याच्या हातात बांगड्या नसतात.

मी उठले आणि सगळ्यांसमोर सिंधूअक्कांची माफी मागितली. जेवढ्या मोठ्या आवाजात त्यांना जा म्हटलं होतं, तेवढ्याच मोठ्या आवाजात मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊ द्या ताई, दोन तं आमच्याकडूनबी होतात." दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका घरातले जुने मोजे घेऊन आल्या. मोज्यांचे पाय कापून वरचा भाग त्यांनी मनगटावर चढवला. बांगड्या आत, मोजा वर. हे त्यांना कोणी सुचवलं नव्हतं. लाल, निळे, शाळेच्या गणवेशातले पांढरे, अशा रंगीबेरंगी हातांनी हौद भरून गेला आणि अक्कांच्या ओठांवर चार दिवसांनी हसू दिसलं. मी कामावरून काढायला निघाले होते त्या बाईंनी माझी अडचण एका फाटक्या मोज्याने सोडवली.

मग आम्ही हात लावण्याच्या जागाच कमी करायला घेतल्या. चाचांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येकाने दोनाचा एक करावा हे खरंच, पण जो हात लागलाच नाही त्याचे शून्य. घड खांद्यावरून नेणं, शेडमध्ये टांगणं आणि नंतर पुसणं, हे तिन्ही बंद केलं. फण्या शेतातच सोडवून फोमच्या ट्रेमध्ये ठेवायच्या, ट्रे तसाच ट्रॉलीत, तसाच हौदापर्यंत. दहाचे सात झाले. ज्यांचं काम गेलं त्यांना शेतातल्या ट्रेवर घेतलं, घरी कोणालाच पाठवलं नाही, हे मी मधुभाऊंशी भांडून करून घेतलं. मी फुशारकीने चाचांना विचारलं, "आता झालं ना सगळं?" ते म्हणाले, "तुम्हनी घाई मी गिनीच नही बेटा. दिनभर ‘चला चला, लवकर लवकर’. तीबी एक हातच शे." त्यानंतर मी शेडमध्ये ओरडणं सोडलं. निदान कमी केलं.

पुढच्या कंटेनरमध्ये खरेदीदाराने पुन्हा दहा बॉक्स उघडले. तीन खराब निघाले, एक काठावरचा. संबंध संपवण्याची भाषा त्याने पुन्हा केली नाही. हंगाम संपता संपता आम्ही दहात दोनवर आलो. मधुभाऊंनी सगळ्यांना आंब्याच्या रसाचं जेवण दिलं. तिथे चाचांनी रसाचे हात मोजले नसते तरच नवल.

पुढच्या हंगामात आम्ही चौकोनांची रीतच लावली. दर आठवड्याला एका टेबलाची पाळी. टेबलाच्या आधीच्या शंभर आणि नंतरच्या शंभर फण्या तीन दिवस मांडायच्या, आणि आकडा खडूने खाली फरशीवरच लिहायचा, सगळ्यांना दिसेल असा. सातही टेबलं झाली. कोणाकडेच शंभरात एकाच्या वर फणी निघाली नाही. मी खुशीत होते. त्या गुरुवारी चाचा खडू घेऊन आले आणि म्हणाले, "मन्हं टेबल ऱ्हायनं."

मी हसले. तपासणीचं टेबल कसलं मोजायचं? ते तर चूक पकडणारं टेबल. पण ते हटून बसले. म्हणाले, माझाही हात लागतो की. त्यांनी स्वतः दोन चौकोन आखले, फण्या मांडल्या आणि तीन दिवस तिकडे फिरकलेही नाहीत.

रविवारी सकाळी मी लवकर जाऊन एकटीच मोजायला बसले. चाचांच्या टेबलाआधीच्या शंभरात काळ्या फण्या तीन. नंतरच्या शंभरात सहा.

मी सहाही फण्या वळवून बघितल्या. डाग कुठे उठले होते तेही दिसत होतं. फणीच्या मधल्या केळ्यावर, पोटाशी, अंगठ्याएवढा गोल काळा ठसा. चाचा प्रत्येक फणी हातात घेऊन, कापड चाचपतात तशी अंगठ्याने दाबत सरकवायचे. आम्ही ते दोन वर्षं कौतुकाने बघत होतो. कापड कितीही चाचपलं तरी त्याचं काही बिघडत नाही. केळं मात्र आतून दुखावतं आणि तीन दिवस गप्प बसतं. आधीच्या वर्षी काट्याच्या चौकोनात वाढलेल्या तीन फण्यांबद्दल मी वजन करणाऱ्याला सुनावलं होतं. त्या कोणाच्या होत्या ते आत्ता कळलं. आणि गंमत अशी की त्या टेबलावर पकडलं फारसं काही जातच नव्हतं, कारण डाग त्या वेळी दिसतच नाहीत. अख्ख्या शेडमध्ये सगळ्यात जास्त केळी दुखवणारं टेबल तपासणीचं होतं.

मी खडू घेतला आणि फरशीवर लिहिलं, चार. म्हणजे चाचांच्या नावावर फक्त एक. दोन काळ्या फण्या उचलून पोत्याखाली सरकवल्या. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. या माणसाने मला माणसात आणलं होतं, त्याला मी फरशीवर उघडं पाडणार नव्हते.

चाचा आले, आकडा वाचला आणि उकिडवे बसले. त्यांनी चौकोनातल्या फण्या मोजल्या. अठ्ठ्याण्णव. मग पोतं उचललं. मी दुसरीकडे बघत होते. त्यांनी खिशातला तो घडी न मोडलेला रुमाल काढला, फरशीवरचा चार पुसला आणि तिथे सहा लिहिलं. मग माझ्याकडे वळले. कामावर ते मला कायम ‘तुम्ही’ म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा ‘तू’ म्हणाले, आणि पहिल्यांदाच रागावून. "सिंधूना दोनले तू दोन लिखं. मन्हा तीनले एक कसाले?"

मी रडायला लागले, तसा त्यांचा राग लगेच उतरला. रुमाल खडूने माखलेला होता म्हणून त्यांनी मला सदऱ्याची बाही पुढे केली. "हाई टेबल काढी टाका," ते शांतपणे म्हणाले, जसं काही दुसऱ्याच कोणाच्या टेबलाबद्दल बोलत होते. मी म्हटलं, तुम्ही दाबू नका, नुसतं बघा. ते म्हणाले, अंगठ्याला कापडाची सवय आहे, आता या वयात तो ऐकायचा नाही. मी म्हटलं, गेटवर बसा, नव्या मुलींना शिकवा, काहीही करा, पण राहा. "तुम्हना आठे आते शिकाडासारखं काय शे? बठ्ठास्ले मोजता येस." खरंच होतं, इथे आता सगळ्यांनाच मोजता येत होतं. आणि मग माझी समजूत घालायला, "मी हारनू नही बेटा. मन्हा हिसाब बरोबर उना."

त्याच आठवड्यात ते धुळ्याला लेकाकडे निघाले. सावद्याच्या स्टँडवर मी होते, मधुभाऊ होते आणि सिंधूअक्का कळण्याच्या बिबड्यांची, म्हणजे तिकडच्या पापडांची, पिशवी घेऊन आल्या होत्या. एरवी कधी हौदाची पाळी न चुकवणाऱ्या अक्का त्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी टाकून आल्या. बस लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "चाचा, मले ठेवलं अन् तुम्ही निघाले." चाचांनी पिशवी घेतली, त्यांच्या मनगटावरच्या मोज्याकडे बघितलं आणि हसले. बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. बस वळेपर्यंत ते मधुभाऊंना काहीतरी ओरडून सांगत होते, बहुधा ट्रॉलीतल्या फोमबद्दल.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे टेबल काढलं. छाटणीवरून फण्या थेट काट्यावर जायला लागल्या. तिथल्या शंभर फण्या मीच चौकोनात मांडल्या, माझ्याच हातांनी, एकेक. तीन दिवस मी दर तासाला तिकडे चक्कर टाकत होते. दोन वर्षं केळीवरचा प्रत्येक काळा डाग मला शत्रूसारखा दिसत आला होता. त्या तीन दिवसांत मात्र मी मनापासून वाट बघत होते की पुन्हा सहा-सात फण्या काळ्या पडू देत, म्हणजे ताबडतोब धुळ्याला फोन करून सांगता येईल की चाचा, तुमचं चुकलं, परत या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोजल्या. तीनच होत्या.